मे महिन्यात चालणारा बोर्ड जुलैत का अडखळतो? हाय-स्पीड लिंकमधला सिग्नल क्षय शोधण्याचा क्रम

मिरग लागून दोनेक आठवडे झाले की मला फोन यायला लागतात. तक्रारीचे शब्द वेगळे, दुखणं तेच. "कॅमेऱ्याचं चित्र मधेच गोठतं." "कार्ड दिसतं, पण फार हळू चालतं." "उन्हाळ्यात ठणठणीत होतं हो, आता काय झालं कोण जाणे." मी गोव्यात फोंड्याला असतो. वेर्णा, कुंडई, बेतोडा इथल्या कारखान्यांत बसणाऱ्या यंत्रांचे बोर्ड डिझाइन करणं आणि बिघडले की बघणं हे माझं काम. या एकाच दोषाच्या मागे इतक्या वेळा गेलोय की तपासणीचा एक क्रम आता ठरून गेलाय. तो लिहून ठेवतोय, कारण बरेच जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी महागडं लॅमिनेट (बोर्ड ज्या काचतंतू-राळेच्या पत्र्यावर बनतो तो) मागवतात, मग बोर्ड नव्याने काढतात, आणि दोष तिथेच राहतो.

हे सगळं मुख्यतः सेकंदाला ५ ते ८ गिगाबिटच्या लिंकबद्दल, म्हणजे दोन चिपमधल्या डेटाच्या वाटेबद्दल, आहे: यूएसबी ३, पीसीआय एक्सप्रेसची दुसरी आणि तिसरी पिढी. १० गिगाबिटच्या वर गेलात तरी तत्त्व तेच राहतं, फक्त चूक पोटात घालायला जागा उरत नाही.

लक्षणं

सगळ्यात नेमकं लक्षण म्हणजे लिंक तुटत नाही, खालच्या वेगावर उतरते. तिसऱ्या पिढीचं कार्ड ८ ऐवजी २.५ वर येऊन बसतं. यूएसबी ३ चं उपकरण मुकाट्याने ४८० मेगाबिटवर जातं. वापरणाऱ्याला वाटतं सॉफ्टवेअर संथ झालं.

दुसरं लक्षण, काम चालू असतं पण चुका मोजणारा आकडा वाढत राहतो. पीसीआय एक्सप्रेस चुकलेलं पॅकेट पुन्हा मागवून घेतं, त्यामुळे पडद्यावर काहीच दिसत नाही. मग एके दिवशी चुका इतक्या होतात की लिंक कोसळते. म्हणजे दोष त्या दिवशी सुरू झालेला नसतो, महिनाभर आधीपासून असतो.

तिसरं, चार लेनपैकी (लेन म्हणजे लिंकमधली डेटाची एक समांतर वाट) एकच लेन आजारी. चौथं, आखूड केबलवर चालतं, लांबीवर चालत नाही. पाचवं, कनेक्टर बोटाने दाबला की सुधारतं. आणि सहावं आपल्याकडचं खास: पावसाळ्यात वाढतं, चवथ (गणेश चतुर्थी) होऊन ऊन पडायला लागलं की हळूहळू ओसरतं.

एक प्रश्न मात्र पहिल्याच फोनवर विचारून घ्या: किती बोर्डांना हा त्रास आहे? वीसच्या वीस बोर्ड अडखळत असतील तर दोष डिझाइनमध्ये शोधायचा. वीसपैकी चार, आणि तेही एकाच खेपेतले, तर बोर्ड बनवण्यात किंवा सोल्डरिंगमध्ये. दोन वर्षं नीट चाललेला एकच बोर्ड आता बिघडला असेल तर संपर्क, गंज, ओल. या एका उत्तराने अर्धं काम वाचतं.

पहिलं काम: नोंद

पैसे लागत नाहीत, पेन लागतो. लिनक्स असेल तर एलएसपीसीआय कमांड विस्तृत माहितीच्या पर्यायासह चालवा. लिंकच्या स्थितीच्या ओळीत वेग आणि रुंदी येते, आणि लिंक खाली उतरली असेल तर नव्या आवृत्त्यांमध्ये 'डाउनग्रेडेड' असं तिथेच लिहिलेलं असतं. दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा एईआर काउंटरमध्ये (पीसीआय एक्सप्रेसची चुका नोंदवायची सोय) मिळतो. दर तासाला तो एका फाइलमध्ये जाईल अशी सोय करा आणि शेजारी तापमान व आर्द्रता लिहा. साधा डिजिटल हायग्रोमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो खोलीच्या भिंतीवर लावू नका, यंत्राच्या पेटीच्या आत ठेवा.

औषधाच्या गोळ्या तपासणाऱ्या एका कॅमेरा यंत्रावर मी दोन दिवस घालवले, काहीच सापडलं नाही. यंत्र चालवणाऱ्या ताईने मात्र स्वतःच्या वहीत, कोणी न सांगता, प्रत्येक वेळी यंत्र थांबलं तेव्हाची वेळ लिहून ठेवली होती. सोमवार सकाळी आठ ते साडेनऊ, पाच आठवडे सलग. रविवारी एसी बंद असायचा. ती वही बघितल्यावर कुठे शोधायचं ते कळलं. तोवर यंत्र थांबलं की बोल तिलाच लागत होता, हे मला अजून टोचतं. म्हणून नोंदीचं काम टाळू नका, आणि यंत्राजवळ दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला आधी विचारा.

केबल, कनेक्टर, धूळ आणि मीठ

केबल बदलून बघा. खात्रीची, आखूड, दुसऱ्या चालू यंत्रावरची. कार्ड काढून पुन्हा बसवा. सुधारलं तर लगेच 'झालं' म्हणू नका. कार्ड काढताना आणि घालताना संपर्क घासले जातात, त्याने काही दिवस बरं वाटतं. मूळ कारण तिथेच असू शकतं.

किनाऱ्याजवळच्या जागी भिंगातून कनेक्टर बघायलाच हवा. हवेतल्या मिठाचे कण संपर्कांवर बसतात. खाण्याचं मीठ हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. जुलैत आपल्याकडची हवा बहुतेक वेळ त्या आकड्याच्या वरच असते. म्हणजे मे महिन्यात कोरडी, निरुपद्रवी असलेली पांढरट पूड जुलैत खारट ओला थर होते. सोल्डरिंगनंतर राहून गेलेल्या फ्लक्सचंही थोड्याफार फरकाने तेच.

साफ करायला चांगल्या प्रतीचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. खोडरबराने सोनेरी पट्ट्या घासायची सवय सोडा. सोन्याचा तो थर फार पातळ असतो, रबराने तो जातो आणि खालचं निकेल उघडं पडतं. पुढच्या पावसाळ्यात दुखणं दुप्पट होऊन येतं.

मुद्दाम वेग कमी करून बघा

ही तपासणी फुकट आहे आणि तरी फार कमी लोक करतात. बायोसमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये लिंकला सक्तीने पहिल्या पिढीच्या २.५ वर बांधा आणि रात्रभर चालवा.

चुका शून्यावर आल्या तर समजा दोष वारंवारतेशी बांधलेला आहे: क्षय (वाटेत सिग्नल झिजणं), परावर्तन (सिग्नल आपटून परत येणं), किंवा दोन्ही. पुढचं वाचा. पण २.५ वरसुद्धा चुका येतच राहिल्या तर तो बहुधा क्षय नव्हे. मग वीजपुरवठ्याची लहर बघा, १०० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉक बघा, एखादा तडकलेला सोल्डर जोड शोधा. अस्वच्छ वीज आणि थरथरणारा क्लॉक आय डायग्राम (बिट एकावर एक रचून स्कोपवर दिसणारं डोळ्यासारखं चित्र) बाजूंनी मिटवतात, क्षयही तो मिटवतो, आणि नुसतं बघून फरक कळत नाही. ही पायरी गाळली की माणूस लेआउटमध्ये आठवडे घालवतो आणि दोष रेग्युलेटरच्या एका कपॅसिटरमध्ये निघतो.

कागदावरचा हिशेब

आता लॅमिनेटला दोष द्यायच्या आधी दहा मिनिटं हिशेब करा. मला या सगळ्यात हीच पायरी सगळ्यात मोलाची वाटते.

सिग्नल दोन ठिकाणी झिजतो. एक तांब्यात. वारंवारता वाढली की करंट तांब्याच्या पृष्ठभागाकडे सरकतो. १ गिगाहर्ट्झला तो वरच्या साधारण २ मायक्रॉनमध्ये असतो, ४ गिगाहर्ट्झला १ मायक्रॉनमध्ये. तुमचं तांबं ३५ मायक्रॉन जाड असो की १८, त्याने फार फरक पडत नाही. फरक पडतो ट्रेसच्या, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या वाटेच्या, रुंदीने आणि तांब्याच्या खडबडीतपणाने. ही झीज वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, खडबडीत तांब्यावर त्याहून थोडी जास्त. दुसरी झीज बोर्डाच्या काचतंतू-राळेत, आणि ती थेट वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग वाढवत गेलात की शेवटी राळच जास्त खाते.

राळेतल्या झिजेचं सूत्र पाठ करून ठेवण्यासारखं आहे. दर इंचाला डेसिबल बरोबर २.३ गुणिले गिगाहर्ट्झ गुणिले लॉस टॅन्जंट (पदार्थ सिग्नलची किती ऊर्जा खातो ते माप) गुणिले डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचं (पदार्थ विद्युत ऊर्जा किती साठवतो ते माप) वर्गमूळ. साध्या एफआर-४ चा, म्हणजे नेहमीच्या लॅमिनेटचा, लॉस टॅन्जंट ०.०२ च्या आसपास आणि स्थिरांक ४.२ च्या आसपास. ८ गिगाट्रान्स्फरच्या लिंकला महत्त्वाची वारंवारता तिच्या निम्मी, ४ गिगाहर्ट्झ. म्हणजे दर इंचाला साधारण ०.३८ डेसिबल. बारीक ट्रेसच्या तांब्याचे अजून पाव-एक डेसिबल धरा. १० इंचाच्या, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या ट्रेसला सहा-साडेसहा डेसिबल झाले.

६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज निम्मं. ऐकायला भयंकर वाटतं. पण तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसला टोकापासून टोकापर्यंत ४ गिगाहर्ट्झला सुमारे २२ डेसिबलची झीज चालते, कारण घेणाऱ्या चिपमध्ये ती भरून काढणारा इक्वलायझर असतो. कनेक्टर, चिपचं पॅकेज, समोरचं कार्ड हे सगळं धरूनही बहुतेक छोट्या यंत्रांत बेरीज १४-१५ च्या वर जात नाही.

तर मग लिंक अडखळते का? हिशेबातली झीज मर्यादेच्या बरीच आत असूनही लिंक रडत असेल, तर खरा गुन्हेगार लॅमिनेट नाही. वाटेत कुठेतरी सिग्नल आपटून परत येतोय. झीज सिग्नलला वारंवारतेनुसार ठरलेल्या रीतीने मंद करते, इक्वलायझर ते ओळखून भरून काढतो. परावर्तन उशिरा येऊन पुढच्या बिटांवर पडतं, आणि साधा इक्वलायझर त्याचं फारसं काही करू शकत नाही. ओल आली, तापमान बदललं, की आधीच काठावर असलेलं हे गणित पलीकडे कलतं. पावसाळा दोष तयार करत नाही, डिझाइनमध्ये शिल्लक किती होती ते दाखवतो.

हिशेबच २० च्या पुढे गेला तर गोष्ट वेगळी. तिथे लांबी कमी करणं, रीटायमर (सिग्नल नव्याने घडवून पुढे पाठवणारी चिप) बसवणं किंवा कमी झिजेचं लॅमिनेट याशिवाय मार्ग नाही, आणि मधल्या काही तपासण्या सोडून थेट शेवटाकडे गेलात तरी चालेल.

ओल: वरची की आतली

हे दोन वेगळे आजार आहेत आणि उपचारही वेगळे.

सकाळी त्रास, तासाभरात यंत्र तापलं की बरं, असं असेल तर ओल पृष्ठभागावर आहे. जुलैत आपल्याकडच्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांपर्यंत असतो. एसीने २२ अंशांवर गार झालेल्या पेटीचं दार उघडलं आणि बाहेरची हवा आत शिरली की बोर्डावर दव धरतं, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसं. वरच्या थरातल्या ट्रेसना हे लगेच जाणवतं, कारण त्यांच्या विद्युत क्षेत्राचा काही भाग हवेत असतो आणि पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या घरात आहे. त्या सोमवारच्या यंत्रात पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मला थेंबांची रांग दिसली होती, आणि त्यातला एक वाळलेला ओघळ बरोबर कनेक्टरवर संपत होता. उपाय साधा होता. रविवारीही पेटीतला छोटा हीटर चालू ठेवला, दाराचं रबर बदललं, केबलच्या भोकाला नीट ग्लँड बसवली.

त्रास दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढत गेला आणि दिवसभर सारखाच राहिला, तर ओल राळेच्या आत मुरलीय. राळ पाणी शोषते, त्याने स्थिरांक आणि लॉस टॅन्जंट दोन्ही वाढतात. तांब्याचे सलग प्लेन (आतले पसरलेले थर) पाण्याला अडवतात, म्हणून ओल कडांनी आणि व्हायांभोवतीच्या (व्हाया म्हणजे थर जोडणारं भोक) मोकळ्या जागांतून सावकाश आत जाते आणि तितकीच सावकाश बाहेर येते. दिवसभर पंखा लावून ती निघत नाही.

माझा स्वतःचा विश्वास बसावा म्हणून एकदा मी गोदामात पावसाळाभर उघड्या पिशवीत पडलेला एक कोरा बोर्ड सोनाराच्या काट्यावर ठेवला. ८४.६२ ग्रॅम. १२० अंशांवर सहा तास भाजला, गार होऊ दिला, पुन्हा ठेवला. ८४.५१. अकरा सेंटिग्रॅम पाणी, चिमूटभर मिठाहून कमी. पण ते नेमकं तिथे होतं जिथून सिग्नल जातो.

कोऱ्या बोर्डाला असं भाजणं चालतं, सोल्डरिंगच्या आधी पावसाळ्यात ते करावंच. ओला बोर्ड रिफ्लोमध्ये (सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीत) घातला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन थर सुटू शकतात. ओएसपी फिनिश (तांब्यावरचा पातळ सेंद्रिय संरक्षक थर) असेल तर मात्र भाजण्याने ते खराब होतं, त्या बाबतीत आधी बोर्ड बनवणाऱ्याला विचारा. भाग बसवलेल्या बोर्डाला १२० अंश देऊ नका. प्लॅस्टिकचे कनेक्टर, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, बटण सेल हे ते सोसत नाहीत. सेल काढून ७०-८० अंशांवर एक-दोन दिवस ठेवा, आणि ते तापमान नियंत्रित भट्टीतच. स्वयंपाकघरातला ओव्हन त्यासाठी नाही: त्याचं तापमान वीस-तीस अंश वरखाली होतं, आणि ज्यात नंतर पाव भाजायचा त्यात बोर्ड घालू नये.

भाजल्यानंतर काउंटर पुन्हा बघा. आकडा पडला तर निदान पक्कं झालं. दुरुस्ती मात्र झाली नाही, पुढच्या जुलैत ओल परत येणार. कॉन्फॉर्मल कोटिंगने (बोर्डावरच्या संरक्षक लेपाने) ती येण्याचा वेग कमी होतो, थांबत नाही. वरच्या ट्रेसचा इम्पिडन्सही (सिग्नलला वाटेत जाणवणारा रोध) त्याने थोडा खाली जातो, म्हणून आधी एकाच बोर्डावर लावून बघा.

आपल्या घरांत पुरुमेंत (पावसाळ्यासाठीचा साठा) भरतात तसे बोर्डही मे संपायच्या आत भरून ठेवायला हवेत. सीलबंद पिशवी, आत सिलिका जेल, आत आर्द्रता दाखवणारं कार्ड. खेप उघडली की उरलेले बोर्ड त्याच दिवशी पुन्हा सील करायचे.

चिपच्या सेटिंग

दुसऱ्या पिढीत पाठवणाऱ्या चिपला डी-एम्फसिस (सारख्याच येणाऱ्या बिटांची पातळी मुद्दाम उतरवणं) उणे ३.५ किंवा उणे ६ डेसिबल असे दोन पर्याय असतात, तिसऱ्या पिढीत अकरा प्रीसेट, म्हणजे ठरलेले सेटिंगचे संच. एकेक लावून प्रत्येकावर सारख्याच वेळेचे काउंटर घ्या. जास्त म्हणजे चांगलं असं नाही. आखूड ट्रेसवर जास्त डी-एम्फसिस दिलं तर आहे तो सिग्नलही लहान होतो. दोन-तीन शेजारचे प्रीसेट चांगले निघाले तर मधला ठेवा. एकच प्रीसेट चालतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लिंक पडते, असं दिसलं तर थांबा: ही सेटिंगने झाकलेली डिझाइनची चूक आहे आणि ती पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वर येईल.

लेआउट डोळ्यांनी वाचा

गर्बर (बोर्डाच्या थरांच्या चित्रांच्या फाइल) उघडा, आजारी लिंकमधली एक जोडी (एकच सिग्नल नेणाऱ्या दोन ट्रेस) निवडा आणि बाकी सगळं बंद करून तिच्यावरून टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवा. प्रत्येक ठिकाणी विचारा, हिच्या खाली काय आहे? ट्रेसमधून जितका करंट जातो तितकाच खालच्या प्लेनमधून परत येतो, अगदी ट्रेसच्या सावलीतून. खालचा प्लेन चिरलेला असेल तर परतीचा करंट वळसा घालतो, त्या जागी इम्पिडन्स उसळतो, सिग्नल तिथून परत फिरतो.

माझ्या हातातला सगळ्यात शिकवून गेलेला बोर्ड असाच होता. मालकाने कमी झिजेच्या महाग लॅमिनेटची चौकशीसुद्धा केली होती. ट्रेस २१ सेंटिमीटरची, हिशेबाने सगळं धरून १३ डेसिबल, म्हणजे पुष्कळ शिल्लक. पण कनेक्टरपासून २२ मिलिमीटरवर जोडीच्या खालचा प्लेन ३.३ व्होल्टचा संपून १.८ व्होल्टचा सुरू होत होता, मधे अर्ध्या मिलिमीटरची फट. जोडीच्या दोन तारा एकमेकींपासून लांब होत्या, त्यामुळे प्रत्येक तार खालच्या प्लेनवरच अवलंबून. स्क्रीनवर ती फट केसाएवढी दिसत होती, त्या कामावर आधी तिघांनी डोळे फिरवून सोडली होती. पुढच्या आवृत्तीत जोडी सलग ग्राउंडच्या वर नेली. लॅमिनेट तेच साधं एफआर-४ ठेवलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या चुकांच्या फाइलमध्ये शून्यांची रांग आली.

फटीखेरीज अजून काही जागा बघायच्या. जोडी थर बदलते तिथे शेजारी, मिलिमीटरभरात, ग्राउंडची व्हाया आहे का? नसेल तर परतीच्या करंटला खालीवर जायला वाट नाही. एसी कपलिंग कपॅसिटर कोणत्या आकाराचे आहेत? ट्रेस ०.१३ मिलिमीटरची आणि पॅड त्याच्या कितीतरी पट रुंद, त्या जागी इम्पिडन्स खाली कोसळतो. ०६०३ ऐवजी ०४०२ घ्या आणि पॅडखालचा प्लेन कापून मोकळा करा. जोडीचा इम्पिडन्स कशासाठी काढलाय? यूएसबीला ९० ओहम, पीसीआय एक्सप्रेसला ८५ किंवा १००. एकाच बोर्डावर दोन्ही असले की चुकीचा आकडा चुकीच्या जोडीला लागलेला मी दोनदा पाहिलाय.

व्हायाच्या उरलेल्या शेपटीचा, म्हणजे स्टबचा, बाऊ मात्र नको. स्टब चतुर्थांश तरंगलांबीवर सिग्नल गिळतो. १.६ मिलिमीटरच्या बोर्डात १.२ मिलिमीटरचा स्टब राहिला तर ती वारंवारता ३० गिगाहर्ट्झच्या आसपास येते. प्रत्यक्षात पॅडमुळे खाली उतरते, तरी ४ पासून खूप लांब. ५ मिलिमीटर जाडीच्या बॅकप्लेनवर तीच ७ च्या आसपास येते, तिथे बॅकड्रिलिंग (स्टब ड्रिलने काढून टाकणं) लागतं. तुमचा बोर्ड पातळ आणि लिंक ८ ची असेल तर बॅकड्रिलिंगवर पैसे घालवू नका.

बोर्ड बनवणाऱ्याला काय विचारायचं

एफआर-४ हे एका पदार्थाचं नाव नाही, दर्जाच्या वर्गाचं नाव आहे. ऑर्डरवर नुसतं 'एफआर-४' लिहिलं तर दर खेपेला वेगळं लॅमिनेट येऊ शकतं, आणि तक्रार करायला तुमच्याकडे आधार नसतो. लॅमिनेटचं नाव, प्रीप्रेगचा (थर चिकटवणाऱ्या राळ भरलेल्या काचकापडाचा) विणीचा प्रकार, थरांची जाडी हे सगळं लिहून मागा. इम्पिडन्सचा अहवाल आणि चाचणीची कुपन पट्टी बोर्डाबरोबर मागवून घ्या. साधारण दहा टक्के वरखाली धरून ते बनवतात, तेवढं तुमच्या डिझाइनने सोसायला हवं.

एकच लेन आजारी असेल आणि लेआउटमध्ये काही दिसत नसेल तर विणीचा संशय घ्या. काचेचा स्थिरांक सहाच्या आसपास, राळेचा तीनच्या. विरळ विणीवर जोडीतली एक तार काचेवरून आणि दुसरी राळेवरून गेली तर दोघी वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. दाट किंवा पसरवलेल्या विणीचं प्रीप्रेग मागणं, किंवा जोडी बोर्डाच्या कडेशी दहा अंशांच्या तिरक्या कोनात नेणं, हे दोन उपाय आहेत.

निकेल-सोन्याच्या फिनिशबद्दल खूप चर्चा होते. निकेल झीज वाढवतं हे खरं, पण ते मास्क (बोर्डावरचा रंगीत संरक्षक थर) उघडा असलेल्या जागीच चढतं. मास्कखालच्या ट्रेसवर ते नसतंच.

मोजमाप, आणि कुठे थांबायचं

इथून पुढे खर्च मोठा होतो. टीडीआरने (सिग्नल पाठवून परत येणारा भाग बघणारं उपकरण) इम्पिडन्स कुठे उसळतो किंवा कोसळतो ते अंतरासकट दिसतं. व्हीएनएने (वेगवेगळ्या वारंवारतांवर मोजणारं उपकरण) झीज आणि परावर्तन वेगवेगळे मोजता येतात. खिशात मावणारे स्वस्त व्हीएनए मिळतात, कुपन पट्टीला एसएमए कनेक्टर लावून लॅमिनेटची झीज ढोबळ मोजायला ते मला उपयोगी पडतात. पण ८ च्या चालू लिंकचा आय डायग्राम बघायला १२ गिगाहर्ट्झच्या वरचा स्कोप आणि तसाच प्रोब लागतो. ४०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर दिसतं त्यावरून निष्कर्ष काढू नका, तो स्कोपचाच क्षय असतो. एवढ्यासाठी उपकरण विकत घेण्याऐवजी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विचारा. त्याहून पुढचं काम असेल तर मुंबईला पवईतली समीर ही सरकारी संस्था मायक्रोवेव्हच्या कामासाठीच आहे.

पुढच्या जागी हात थांबवा आणि सिग्नल इंटेग्रिटीचं काम करणारा माणूस गाठा. बीजीए (पोटाखाली सोल्डरच्या गोळ्या असलेली) चिप उचलून पुन्हा बसवायची वेळ आली तर. सुरीने ट्रेस खरवडून किंवा वरून तार जोडून 'बघू या' असं मनात आलं तर, कारण गिगाहर्ट्झला ती तार स्वतःच नवा दोष होते. बोर्ड वैद्यकीय उपकरणातला किंवा माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या यंत्रातला असेल तर पहिल्याच दिवशी. आणि बोर्ड एकदा नव्याने काढूनही दोष राहिला असेल, तर दुसऱ्यांदा सिम्युलेशनशिवाय काढू नका. सिम्युलेशनचा खर्च वाया गेलेल्या एका खेपेपेक्षा बहुतेक वेळा कमीच येतो.

त्या माणसाकडे जाताना स्टॅकअप (थरांची रचना), गर्बर, काउंटरची फाइल आर्द्रतेच्या रकान्यासकट, कुपन पट्टी, एक चांगला आणि एक खराब बोर्ड न्या. खराब बोर्ड आधी भाजू नका, पुसू नका. यंत्रातून काढला की तसाच ओला, सिलिका जेल न घालता, ओल अडवणाऱ्या पिशवीत सील करा आणि पिशवीवर तारीख, वेळ आणि पेटीतली आर्द्रता लिहा.